उचल, कोयता आणि पिशवी

दसरा उलटला की बीड, धाराशिव, जालना, पाथर्डी या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या फडांत जातात, काही थेट कर्नाटकात उतरतात आणि गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या हलाखीवर पुष्कळ लिहून झाले आहे. मला बोलायचे आहे ते या धंद्यात रोज कानांवर पडणाऱ्या तीन शब्दांबद्दल. शोषणाचा हिशेब वहीत उतरण्याआधी भाषेत उतरतो, आणि एकदा का तो भाषेत मुरला की कोणालाच तो हिशेब वाटत नाही, असे माझे म्हणणे आहे.

पहिला शब्द ‘उचल’. हंगामाआधी मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा मध्यस्थ, जोडप्याच्या हाती रक्कम ठेवतो. ती घेतली की पुढचे पाच-सहा महिने त्या जोडप्याचे राहत नाहीत. या व्यवहाराची गरज कोणाला असते? गाळप सुरू होण्याआधी मजूर बांधून ठेवणे कारखान्याला भाग असते, नाहीतर ऊस फडात वाळतो. म्हणजे ही मजूर अडवून ठेवण्याची किंमत आहे. पण शब्द सांगतो की मजुराने पैसे ‘उचलले’. घेणारा तो, गरजू तो, ऋणीही तोच. हंगामाअखेर रक्कम फिटली नाही तर ती ‘अंगावर’ राहते. शहरातल्या कंपनीने अभियंत्याला नोकरीत रुजू होण्याआधी पैसे दिले तर त्याच्या अंगावर काही राहिले असे आपण म्हणत नाही. कर्ज कागदावर असते तेव्हा त्यावर वाद घालता येतो. अंगावर असते तेव्हा अंगानेच फेडावे लागते, आणि ते अंग थकले तर मुलाच्या अंगाने. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाने दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावले तर ती वेठबिगारी ठरते, असे १९७६चा कायदा सांगतो. पण गावात उचलीला वेठ म्हणतच नाहीत, मग तक्रार कशाची करायची?

दुसरा शब्द ‘कोयता’. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम मोजतो ते वीस कोयते, चाळीस माणसे नाहीत. एकटा आला तर तो अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या हाती, अंगठा त्याचा, मजुरीचा हिशेब त्याच्या नावावर. मोळ्या बांधणारी, डोक्यावरून वाहणारी, मध्यरात्री गाडी आली तर उठून ती भरणारी बाई या हिशेबात वेगळी दिसतच नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. ती लढून मिळाली आणि हवीच होती. पण दर टनाचा ठरला, माणसाचा ठरला नाही. टन कोणी तोडला याची नोंद करण्याची गरज त्या करारालाही वाटली नाही.

यावर उत्तर ठरलेले असते: कुटुंब एक, चूल एक, मग दोन हिशेब कशाला? हा न्याय खरा असेल तर कारखान्यात नोकरीला असलेल्या दाम्पत्याचे पगार एकाच नावावर का निघत नाहीत? याच मोजणीतून पुढचा अनर्थ घडतो. पूर्ण कोयत्याला पूर्ण उचल मिळते, म्हणून हंगामाच्या तोंडावर कोवळ्या पोरांची लग्ने उरकली जातात. आपण त्याला अडाणीपणा म्हणतो, रूढी म्हणतो आणि मोकळे होतो. रूढी तर आहेच. पण तिला दर वर्षी खतपाणी घालणारा एक व्यवहारही आहे, आणि त्याच्याकडे बोट दाखवायला आपण कचरतो.

तिसरा शब्द सर्वांत क्रूर आहे. गर्भाशयाला आपल्याकडे ‘पिशवी’ म्हणतात. पिशवी ही दुसऱ्याचा ऐवज ठेवण्याची वस्तू. ऐवज काढून घेतला की तिचे काम संपले. ‘पोरं झाली, आता पिशवी कशाला?’ हा प्रश्न बाईला विचारता येतो तो या शब्दामुळे. फडात न्हाणीघर नाही, पाणी नाही, पाळीत विश्रांती नाही. एक दिवस बसले तर ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो. अंगावरून जाते, पोट दुखते म्हणून डॉक्टरकडे जावे तर काही ठिकाणी कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया उरकली जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाहणी झालेल्या ८० हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत ऐन तारुण्यातल्या बाया होत्या. पुढची कंबरदुखी, हाडांची झीज, अकाली म्हातारपण यांची भरपाई कोणत्याही टनाच्या दरात नाही.

विटाळ साखर कारखान्यांनी जन्माला घातला नाही, तो आपल्या देवघरातून आला. पाळी अमंगळ, तिच्याबद्दल बोलू नये, ती गेली तर सुटका झाली, हे संस्कार आपण लेकींवर केले. कामाच्या हिशेबाला तर पाळी नकोच होती. धर्माने ज्याला अशुद्ध ठरवले त्याला हंगामाने अडचण ठरवले, आणि दोघांनी मिळून बाईच्या पोटावर सुरी चालवली. म्हणून संस्कृतीचा विचार वेगळा आणि अर्थकारणाचा वेगळा, ही विद्यापीठी वाटणी मला मान्य नाही.

शब्द बदलून पोट भरत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण शब्द तपासल्याशिवाय पोट का रिकामे राहते हेही कळत नाही. महारकीला ‘वतन’ म्हणत. गावाची अहोरात्र वेठ आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते. पण वतन म्हटले की तो पिढीजात मान वाटे, आणि तो सोडायला पुष्कळ जण तयार नव्हते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. कायद्याइतकाच त्यांचा झगडा त्या मानाशी होता. ही वतनदारी म्हणजे गुलामी आहे, हे त्यांना आधी आपल्याच माणसांना पटवावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले.

आणि ‘सहकार’? १९५० मध्ये प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या कारखान्याने शेतकऱ्याला सावकाराच्या आणि खासगी कारखानदाराच्या दारातून उठवून मालक केले. ते काम मोठेच होते. पण त्या सहकारात ऊस लावणारा सभासद झाला. ऊस तोडणारा आजही मुकादमाचा माणूस आहे, कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नाही.

कारखान्याच्या वार्षिक सभेला जाणाऱ्या प्रत्येक सभासदाला माझी विनंती आहे. यंदा अहवाल हातात पडला की ‘तोडणी व वाहतूक खर्च’ या ओळीपाशी थांबा. उभे राहा आणि विचारा, या रकमेपैकी किती रुपये बायकांच्या नावावर, त्यांच्या खात्यात जमा झाले?