दुखणं अंगावर काढताना

अणशीच्या पावसाळ्यात पायाला जळू लागली नाही असा माणूस विरळाच. गाव काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात. लावणीच्या दिवसांत पाय चिखलातून वर येतच नाहीत. म्हणून कुणाचा पाय लालबुंद होऊन सुजला, हुडहुडी भरली, की आम्ही म्हणतो, 'काहीतरी चावलं असेल.' दोष जंगलावर टाकला की घरातले सगळे मोकळे.

मनाशी खरं बोलायचं तर जंगलाचा वाटा थोडाच आहे. पायाची ही लाल, तापाची सूज म्हणजे धावरे. ते उठवणारे जंतू, स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस, बहुधा आपल्याच अंगावर असतात. दुसरा तर दहातल्या तिघांच्या नाकात बिनबोभाट राहतो. त्यांना आत शिरायला फट लागते. जळू गळून पडते, खाज उरते आणि नखांनी ती फट आपणच रुंद करतो. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, टाचेच्या भेगा, जुना इसब, हत्तीपायाची सूज याही वाटा त्यांना उघड्याच. त्यात मधुमेह असला तर पायाची जाणीव बोथट होते आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही दुबळ्या पडतात.

म्हशीचा खूर दुखावला तर मी लगेच वाकून बघतो. आईच्या पायाची बोटं फाकवून कधी पाहिली, ते आठवावं लागतं. तिला साखर आहे. ती लुगडं पावलांवर ओढते, 'काही नाही रे' म्हणते, आणि लावणी सोडून कुठे जायला नको म्हणून ते मला सोयीचं वाटतं. तिच्या अंगावर काढण्याला मी सोशीकपणा म्हणतो. त्यावर माझीच कामं निभावतात.

जोयड्याचा दवाखाना लांब, घाटात दरड, ही कारणं खोटी नाहीत. पण पाय धुऊन बेचकी कोरडी करायला घाट उतरावा लागत नाही. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढता येते. लाली रेघेपलीकडे सरकली किंवा ताप आला, तर पाल्याच्या लेपावर न थांबता दवाखाना गाठावा. दिसतं त्याहून दुखणं फार असेल, फोड येऊन कातडी काळी-जांभळी पडत असेल, तर आत मांस सडत असू शकतं. तिथे काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही सूज उतरली म्हणून मध्येच सोडू नयेत.

आज घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे पाय आपल्या हाताने धुवा, पुसा आणि उजेडात नीट बघा.