बोलता येणे आणि शब्दाला वजन असणे

नोकरीच्या बाजारात ज्यांना ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणतात, त्यांत साधारणपणे पुढच्या गोष्टी मोडतात: समोरच्याला कळेल असे बोलणे आणि लिहिणे, ऐकून घेणे, चौघांत मिळून काम करणे, वेळ पाळणे, तंटा मिटवणे, चूक झाली तर सांगणे. यंत्र चालवणे किंवा खतावणी लिहिणे यांहून ही कौशल्ये निराळी मानतात, कारण त्यांचा संबंध माणसाशी येतो. कल्पना अमेरिकी लष्करातली आहे. डिसेंबर १९७२ मध्ये टेक्सासमधील फोर्ट ब्लिस येथे भरलेल्या प्रशिक्षणविषयक परिषदेत, माणसे आणि कागद यांच्याशी गाठ असलेली कामे यंत्रांच्या कामांपासून वेगळी काढून पाहण्यात आली. त्या यादीत कागदही होता, हे पुढे बहुतेकजण विसरले. आजच्या यादीत हसरा चेहरा आणि हस्तांदोलन तेवढे ठळक उरले आहे.

या कौशल्यांचे मोल वाढले आहे, यात वाद नाही. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९८० ते २०१२ या काळात अमेरिकेत माणसांशी सतत संबंध येणाऱ्या नोकऱ्यांचा एकूण रोजगारातला वाटा जवळपास १२ टक्के-बिंदूंनी वाढला. प्रश्न मोलाचा नाही. ही कौशल्ये कुठे राहतात आणि कुणाकडे नसतात असे आपण धरून चालतो, हा आहे.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात या चर्चेला ठरावीक वळण लागते. २०१८ मध्ये नीती आयोगाने महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आकांक्षित ठरवले, त्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि वाशीम यांच्या पंगतीला तेव्हाचे उस्मानाबाद होते. आयटीआयमध्ये ‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’ हा विषय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम २०१९ पासून आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यभरात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे एका दिवसात उद्घाटन झाले. या साऱ्या खटाटोपाच्या तळाशी एक निदान मुरले आहे: मुलांना विषय येतो, पण बोलता येत नाही, चाकणच्या कारखान्यात किंवा पुण्याच्या ऑफिसात ती मागे पडतात ती त्यामुळेच. उपायही तयार असतो. तीन दिवसांची कार्यशाळा, गळ्यात टाय, इंग्रजीतून ‘स्वतःबद्दल सांगा’, आणि शेवटी प्रमाणपत्र.

या कौशल्यांविषयीच्या इतर मतांत फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ‘भावनिक बुद्धिमत्ता’ हे बहुतांशी जुन्याच शहाणपणाचे नवे वेष्टन आहे. यंत्रे हुशार होत चालली म्हणून माणसाने माणूसपण जपावे, हे ऐकायला बरे. फिटरच्या ट्रेडमधल्या मुलाने उद्या काय करावे ते त्यातून कळत नाही. कमतरतेचे हे निदान मात्र असे सोडून देता येत नाही, कारण ते सरकारी परिपत्रकापासून घरातल्या मामा-काकांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे, आणि ज्यांच्याविषयी आहे त्या मुलांनाही ते पटले आहे.

हे निदान याच जिल्ह्यात एकदा खोटे ठरलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचे उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांत हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली. ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली. त्याखेरीज लाखाहून अधिक घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या राज्याच्या कार्यक्रमात हे काम घरमालकाने स्वतः करून घ्यायचे होते आणि मदत हप्त्याहप्त्याने मिळायची होती. माळवदावरची माती उतरवा, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला सांधणारे आडवे दगड बसवा, कोपरे बांधून घ्या, असे अभियंते सांगत. सांगणे सोपे होते. ज्या मातीमुळे उन्हाळ्यात घर गार राहते, ती माती घरातली बाई सहजासहजी उतरवू देईल कशी? आणि हप्ता अडला तर विचारायचे कुणाला?

अभियंते आणि घरे यांच्यातला हा दुवा सांधायला प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून कामाला लागल्या. पुष्कळजणींचे शिक्षण जेमतेम. चावडीवर बोलण्याची रीत नव्हती. त्या सभा घेऊ लागल्या, कुणाला किती मदत मंजूर आहे ते समजावून देऊ लागल्या, बांधकाम नीट होते आहे की नाही यावर लक्ष ठेवू लागल्या, गावाचे गाऱ्हाणे अधिकाऱ्यांपर्यंत नेऊ लागल्या. २००१ च्या भूकंपानंतर या भागातल्या बायका कच्छमध्ये गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. भाषा वेगळी, मुलूख परका, तरी बोलणे झाले.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की या निवडक, मुळातच धीट बायका असणार. चार-दोन गावांची गोष्ट असती तर हे चालले असते. हजारावर गावांत तेवढ्याच धीट बायका आधीपासून बसल्या होत्या, असे म्हटले तर कमतरतेचे निदान आपोआपच निकालात निघते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: त्यांनाही प्रशिक्षण मिळालेच होते. मिळाले होते, पण कशाचे? योजना काय आहे, पैसा कसा येतो, भिंत कशी मजबूत होते, याचे. उभे कसे राहावे आणि हसावे किती, याचे नव्हे. सांगण्यासारखे काही हाती आले आणि ते विचारायला गाव दारात आले, तेव्हा सांगणे जमले.

दुसरे उदाहरण कमी उजळ आहे. याच जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तोडायचे, वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या आणि गाडी येईल तेव्हा, मध्यरात्र असो वा पहाट, डोक्यावरून नेऊन भरायच्या. कुणी कुठल्या फडात लागायचे, लेकरू आजारी असलेल्या बाईचे काम त्या दिवशी कुणी ओढायचे, हे कुणीही कागदावर लिहीत नाही. कंपन्या ज्याला टीमवर्क म्हणून शिकवतात ते इथे कुणी न शिकवता चालते. बोलणीही होतात, पण ती मुकादम करतो. त्याच्या बोलण्याला वजन येते ते कारखान्याचा करार त्याच्या हाती असतो आणि उचल त्याने वाटलेली असते म्हणून. टोळीतल्या बाईला घासाघीस करता येत नाही असे म्हणणाऱ्याने तिला आठवडी बाजारात पाहावे.

प्रशिक्षण कुचकामी असते, असा याचा अर्थ मुळीच नाही. बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत कामगार स्त्रियांना संवाद, वेळेचे नियोजन, अडचण सोडवणे असे शिकवण्यात आले आणि अध्वर्यू, काला व न्यषाधम या अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांची तुलना केली. शिकलेल्या स्त्रियांचे उत्पादन वाढले. कंपनीला खर्चाच्या दुपटीहून अधिक परतावा मिळाला. त्यांचे पगार मात्र नाममात्रच वाढले. कौशल्य खरे, फायदा खरा, फक्त तो दुसऱ्याच्या खात्यात गेला. ‘करिअरमध्ये यश’ हे शब्द ज्या जाहिरातींत असतात, त्यांनी हा निष्कर्ष छापायला हवा होता.

तेव्हा बोलता येणे वेगळे आणि शब्दाला वजन असणे वेगळे. पहिले माणसाच्या अंगी असते, दुसरे त्याच्या जागेत. आपल्या सांगण्यावर काहीतरी अवलंबून आहे, सांगितले तर काम हलते आणि चुकीचे सांगितले तर उद्या त्याच माणसांना तोंड दाखवायचे आहे, अशा ठिकाणी माणूस बोलायला शिकतो. वजन नसलेल्या जागी शिकवलेले बोलणे पाठांतर होते, आणि मुलाखत घेणाऱ्याला ते पहिल्याच वाक्यात ओळखू येते.

वजन म्हणजे पद नव्हे, हे इथे सांगून ठेवले पाहिजे. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये स्त्रियांना २०११ पासून निम्म्या जागा राखीव आहेत, तरी कितीतरी गावांत कारभार सरपंचाचे यजमानच पाहतात. वजन म्हणजे मोबदलाही नव्हे, पण मोबदल्यावाचून ते टिकत नाही. आशा कार्यकर्तीचे सगळे काम या तथाकथित मऊ कौशल्यांचे आहे. दवाखान्यातल्या बाळंतपणाला घर राजी करायचे तर सुनेआधी सासूशी बोलावे लागते, हे तिला पक्के ठाऊक असते. गावात तिच्या शब्दाला मान आहे. आरोग्य खात्याच्या लेखी ती स्वयंसेविका, आणि मानधन वाढवून घ्यायला तिला संपावर जावे लागते. तिच्याकडे कुठले कौशल्य कमी आहे म्हणून तिला करिअर नाही?

खऱ्या उणिवाही आहेत आणि त्या लपवू नयेत. ईमेल लिहिणे, फोनवर थोडक्यात सांगणे, वेळेची सवय या गोष्टी शिकवाव्या लागतात आणि शिकवून येतात. ‘काय करलालाव?’ असे घरी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीचा आणि तिच्यामागून इंग्रजीचा धाक वाटतो, तो सरावाने कमी होतो. सर्वांत अवघड आहे ते ‘समजले नाही, पुन्हा सांगा’ म्हणणे. समजा, उमरग्याचा एक शिकाऊ मुलगा कारखान्यात यंत्राचा आवाज बदललेला ऐकतो. सुपरवायझरला सांगत नाही, कारण मागे एकदा सांगितले तेव्हा ‘तू तुझे काम बघ’ असे उत्तर मिळाले होते. पुढे यंत्र बंद पडते आणि प्रशिक्षक त्याच्या नावापुढे ‘आत्मविश्वास कमी’ असे लिहितो. वास्तविक त्याने परिस्थितीचा अंदाज अचूक घेतला होता.

त्यामुळे उपाय वर्गात थोडा आणि कामाच्या जागी बराच असतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यांत शिकाऊ उमेदवार घेतले जातात. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठेवण्यात आले, मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची. या महिन्यांत उमेदवाराकडे काय सोपवले जाते, यावर सारे अवलंबून आहे. आवक-जावक नोंदवहीत शिक्के मारण्यापुरता तो बसवला, तर त्याला शिक्के मारता येतील. पाळी बदलताना पुढच्या माणसाला कामाची स्थिती सांगणे त्याच्याकडे दिले, किंवा अर्ज का अडला ते अर्जदाराला समजावून सांगणे त्याच्यावर टाकले आणि त्याच्या टिपणाखाली त्याची सही घेतली, तर तो बोलायला शिकेल. अशा योजनांच्या अहवालात किती जणांना प्रमाणपत्र मिळाले याचा रकाना असतो. किती जणांच्या टिपणावरून प्रत्यक्ष काम हलले, याचाही एक रकाना घालायला फारसा खर्च येणार नाही.