संकटातील सब्र आणि हक्काची मागणी

खानदेशात पाऊस रुसला किंवा त्याने अतिरेक केला की एक प्रश्न मशिदीच्या ओट्यावर हमखास निघतो. गिरणा, पांझरा किंवा बोरीचे पाणी वस्तीत शिरते, वेचणीला आलेला कापूस झाडावरच काळा पडतो, वादळाने केळीच्या बागा आडव्या होतात. मग पंचनामा लांबतो, यादीत नाव येत नाही आणि तहसील कचेरीवर मोर्चा नेण्याची भाषा सुरू होते. अशा वेळी काही दीनदार वडीलधारी मंडळी म्हणतात, "ही अल्लाहची आजमाइश आहे. मोमिनाने सब्र करावा. शासनाच्या दारात ओरडणे त्याला शोभत नाही." तरुण उत्तर देतात, "सब्राने चूल पेटत नाही." दोघांच्याही मनात दीनाबद्दल आदर असतो, तरी दोघे एकमेकांकडे पाठ फिरवून घरी जातात. म्हणून हा प्रश्न नीट तपासला पाहिजे. आपत्तीत आपला हक्क मागणे सब्राच्या विरुद्ध आहे काय? आणि विरुद्ध नसेल, तर तो कोणत्या रीतीने मागावा?

येथे पहिली गफलत अशी होते की दोन वेगळ्या गोष्टी एक मानल्या जातात. पाऊस पडणे अथवा न पडणे हा अल्लाहचा निर्णय आहे. भय, भूक आणि धनधान्याची हानी यांनी माणसाची परीक्षा घेतली जाईल, आणि सब्र करणाऱ्यांसाठी शुभवार्ता आहे, असे कुरआन सांगतो (सूरह बकरा, आयत १५५). ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचा पूर बाजारपेठेत शिरला, तेव्हा पाण्याने हिंदूचे दुकान आणि मुसलमानाचे दुकान असा भेद केला नाही. त्या पाण्यापुढे माणसाने नतमस्तकच व्हायचे असते. परंतु पंचनामा आभाळातून पडत नाही. तो तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक लिहितात. शासनाच्या निकषानुसार पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान झाले असेल तरच मदत मिळते. म्हणजे कागदावर तीस लिहायचे की पस्तीस, हे ठरवणारी लेखणी एका कुटुंबाचे वर्ष ठरवत असते. ती लेखणी अमानत आहे. अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करा, असा अल्लाहचा आदेश आहे (सूरह निसा, आयत ५८). जो आपली अमानत मागतो, तो तकदीरीविरुद्ध तक्रार करीत नाही.

अरबी भाषेत सब्र या शब्दाचा मूळ अर्थ रोखून धरणे असा आहे. जीभ अपशब्दापासून, हात अत्याचारापासून आणि मन निराशेपासून रोखून धरणे हा सब्र होय. सत्य बोलण्यापासून स्वतःला रोखणे यास दीनाच्या भाषेत सब्र म्हटलेले नाही.

कुरआनची एक आयत या संदर्भात विशेष विचार करण्याजोगी आहे. वाईट गोष्ट उघडपणे बोलून दाखवणे अल्लाहला आवडत नाही. परंतु ज्याच्यावर जुलूम झाला आहे त्याची गोष्ट वेगळी, असा तिचा आशय आहे (सूरह निसा, आयत १४८). परनिंदा इस्लामने किती घृणास्पद मानली आहे हे आपण जाणतोच. तरीही पीडिताच्या तोंडावर हात ठेवलेला नाही. आणखी पुढे जा. सूरह मुजादलाचा प्रारंभच एका स्त्रीच्या तक्रारीने होतो. ह. खौला बिन्त सअलबा (रजि.) यांच्यावर पतीने जुन्या रूढीच्या एका वाक्याने अन्याय केला होता. त्या प्रेषितांपाशी (स.) आल्या, आपली बाजू पुनःपुन्हा मांडत राहिल्या, आणि अल्लाहने त्यांचे म्हणणे ऐकले असे कुरआनने नमूद केले. पुढे खलीफा ह. उमर (रजि.) यांना याच वृद्ध खौलांनी भर रस्त्यात थांबवून उपदेश केला. सोबतच्यांना ते खटकले. तेव्हा ह. उमर (रजि.) यांच्या उत्तराचा भावार्थ असा होता की, जिचे म्हणणे सात आकाशांवरून ऐकले गेले, तिचे उमरने का ऐकू नये?

अन्याय लोकांपुढे आणण्याचा एक प्रसंग सुनन अबू दाऊदमध्ये आहे. एका माणसाने शेजाऱ्याच्या त्रासाची तक्रार प्रेषितांकडे (स.) केली. त्याला आधी सब्र करण्यास सांगण्यात आले. तो पुन्हा पुन्हा आला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला घरातील सामान रस्त्यावर मांडून बसण्यास सांगितले. येणारे-जाणारे कारण विचारू लागले, शेजाऱ्याला दूषणे देऊ लागले. शेवटी तो शेजारी स्वतः आला आणि पुन्हा त्रास न देण्याचे वचन देऊन त्याला घरी घेऊन गेला. यात कुणाला मारले नाही, कुणाचे घर जाळले नाही. आधी सब्र, मग विनवणी आणि त्यानंतर लोकांच्या नजरेसमोर आपले दुःख मांडणे, असा हा क्रम आहे. आजच्या शांततामय आंदोलनाचे तत्त्व यापेक्षा फारसे निराळे नाही.

आता दुसरी बाजू पाहू. आपत्तीत राज्यकर्त्याचे कर्तव्य काय? हिजरी सन १८ मध्ये हिजाजवर भयंकर दुष्काळ कोसळला. जमीन राखेच्या रंगाची झाली म्हणून त्या वर्षाला आमुर्रमादा, म्हणजे राखेचे वर्ष, म्हणतात. ह. उमर (रजि.) यांनी पावसासाठी सामूहिक दुआ केली आणि त्याच वेळी प्रांतांच्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून धान्याचे तांडे मागवले. लोकांना तूप मिळू लागेपर्यंत त्यांनी स्वतः तूप खाल्ले नाही. त्या वर्षी जकातीची वसुली पुढे ढकलल्याचीही नोंद आहे. दुआ केली म्हणून व्यवस्था थांबली नाही, आणि व्यवस्था केली म्हणून दुआ सुटली नाही.

फिकहच्या ग्रंथांतही हा विचार कायद्याच्या रूपात आला आहे. मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात असे कलम आहे की, शेत पाण्याखाली गेले, त्याचे पाणी तुटले अथवा आपत्तीने पीक नष्ट झाले, तर त्या जमिनीवर खराज, म्हणजे शेतसारा, उरत नाही. मात्र मालकाने आळसाने जमीन पडीक ठेवली तर सारा द्यावा लागतो. म्हणजे सूट ही राजाची मेहेरबानी राहिली नाही. ती शेतकऱ्याचा हक्क ठरली. आणि तो हक्क खोट्या कारणाने घेता येणार नाही, हेही त्याच कलमाने सांगितले.

हा विषय आपल्या मातीत कसा उमटला ते पाहण्यासाठी १९३८ सालाकडे वळू. त्या काळी आजचा जळगाव जिल्हा पूर्व खानदेश म्हणून ओळखला जाई; धुळे आणि नंदुरबार हा पश्चिम खानदेश. त्या वर्षी पूर्व खानदेशात अतिवृष्टीने ओला दुष्काळ पडला आणि हातातोंडाशी आलेली पिके गेली. साने गुरुजी गावोगाव फिरले, सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या आणि शेतसारा माफ व्हावा म्हणून शेतकऱ्यांचे मोर्चे कलेक्टर कचेरीवर नेले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक सुरू केले होते. बोलण्याचे साधन आणि चालण्याचे धैर्य असे दोन्ही त्यांनी एकत्र वापरले.

यातील नैतिक कसोटी मात्र वेगळीच आहे. १९३७ पासून मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. साने गुरुजी स्वतः काँग्रेसचे कार्यकर्ते, १९३० साली अमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून सत्याग्रहात उतरलेले आणि तुरुंगवास भोगलेले. १९३६ च्या डिसेंबरमध्ये याच जिल्ह्यातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि तेथे सारा व खंड कमी करण्याचा कार्यक्रम मंजूर झाला होता. आता सत्ता आपल्या माणसांची होती. 'आपलेच सरकार आहे, अडचणीत कशाला आणता?' हा मोह त्यांनाही पडू शकला असता. त्यांनी शब्दाशी इमान राखले. न्यायावर दृढ राहा आणि साक्ष द्या, मग ती तुमच्या स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध वा नातलगांविरुद्ध का असेना, असे कुरआन सांगतो (सूरह निसा, आयत १३५). ज्यांनी मराठीत 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक लिहिले, त्या साने गुरुजींच्या आचरणात या आयतीचा अर्थ दिसतो, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. आपल्याला मत दिलेला पक्ष सत्तेवर असला की मूग गिळायचे आणि दुसरा आला की गळा काढायचा, ही न्यायाची साक्ष होत नाही.

आणखी एक प्रश्न आपल्या समाजात दबक्या आवाजात विचारला जातो. दुसऱ्या समाजाच्या शेतकऱ्यासाठी आपण का रस्त्यावर यावे? याचे उत्तर सहीह मुस्लिममध्ये आहे. ह. हिशाम बिन हकीम (रजि.) शाममधून जात असता त्यांना काही नबती शेतकरी उन्हात उभे केलेले दिसले. कराच्या वसुलीसाठी त्यांचा छळ चालला होता. जे लोक जगात माणसांना यातना देतात त्यांना अल्लाह यातना देईल, हे प्रेषितांचे (स.) वचन हिशाम (रजि.) यांनी तेथे ऐकवले आणि थेट तेथील अमीर उमैर बिन सअद (रजि.) यांच्याकडे जाऊन तेच सांगितले. अमीरांनी त्या लोकांना सोडून देण्याचा हुकूम दिला. ज्यांच्यासाठी हिशाम (रजि.) बोलले, ते त्यांच्या कबिल्याचे वा वंशाचे कोणी नव्हते.

काही आलिम एक आक्षेप घेतात, आणि तो प्रामाणिक आहे. शासकाला उपदेश करायचा तर तो एकांतात करावा, चव्हाट्यावर नव्हे, अशी हदीस मुसनद अहमदमध्ये आहे. तसेच फितन्यापासून दूर राहण्याची ताकीद तर सर्वमान्य आहे. या हदीसीचा आदर राखूनच विचार करू. जेथे एकांतातील शब्द पोहोचतो, तेथे तोच मार्ग श्रेष्ठ. तलाठ्याशी बोलणे, अर्ज देणे, तहसीलदारांना निवेदन देणे हीच पहिली पायरी असावी. परंतु दहा निवेदनांवर पोचेचा शिक्का बसतो आणि उत्तर येत नाही, तेव्हा काय? जुलमी सत्तेपुढे न्यायाचा शब्द उच्चारणे हा श्रेष्ठ जिहाद आहे, ही हदीसही अबू दाऊद आणि तिरमिजीमध्ये आहेच. शिवाय आपण ज्या देशात राहतो, तेथे संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकाला भाषणाचे आणि शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. हे राज्याने स्वतः उघडे ठेवलेले दार आहे. त्या दारातून आत जाणाऱ्याला बंडखोर कसे म्हणावे? ३० एप्रिल २०२१ रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजन वा खाटेसाठी समाजमाध्यमांवर टाहो फोडणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते. संकटातील हाक हा गुन्हा नव्हे, हे तत्त्व न्यायालयानेही मान्य केले.

मात्र हक्काबरोबर अदबही आली. तिचे चार नियम मला दिसतात. पहिला, सत्यता. आलेल्या बातमीची शहानिशा करा, अन्यथा अज्ञानाने कुणाला इजा कराल, असा इशारा सूरह हुजुरातमध्ये आहे. दुसऱ्या गावच्या पुराचे चित्र आपल्या गावचे म्हणून मोबाइलवर पुढे पाठवणारा पीडितांच्या खऱ्या दुःखावरच संशय निर्माण करतो. दुसरा, सौम्यता. फिरऔनशीही मृदू शब्दांत बोला, असे ह. मूसा व ह. हारून (अलै.) यांना सांगितले गेले होते. आपला तहसीलदार फिरऔन नाही आणि आपण मूसा नाही. तिसरा, रस्त्याचा हक्क. वाटेतील काटा दूर करणे हा ईमानचा भाग असेल, तर रुग्णवाहिका अडवणारा किंवा एसटीची काच फोडणारा कोणत्या ईमानाची साक्ष देतो? सार्वजनिक रस्ते बेमुदत अडवता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२० रोजी दिला. त्या निर्णयावर मतभेद असू शकतात, पण वाटसरूचा हक्क आपल्याला चौदा शतकांपूर्वीच सांगितलेला आहे. चौथा, स्वतःचा हिशेब. ज्याचे नुकसान झाले नाही त्याने यादीत नाव घुसवले, तर तो शासनाला फसवतोच, शिवाय खऱ्या आपद्ग्रस्ताच्या ताटातला घासही उचलतो.

आणि ज्याचा आवाज कोणीच ऐकत नाही, त्याचे काय? जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी हेलपाटे घालून अखेर मंत्रालयात जीव देण्याचा मार्ग पत्करला. इस्लाममध्ये आत्मघात हराम आहे. जीव ही अल्लाहची अमानत आहे. हे आपण ठामपणे सांगितलेच पाहिजे. पण तेवढेच सांगून थांबणे अपुरे आहे. एकटा माणूस दाराशी थकून कोसळतो, तेव्हा त्याच्या सोबत चालायला गाव का नव्हते, हा प्रश्न उरतो आणि तो तुम्हा-आम्हाला आहे. शांततेने निघालेला मोर्चा एकट्याचे ओझे अनेकांच्या खांद्यावर घेतो. माणसाला निराशेपासून वाचवण्याचे तेही एक साधन आहे.

म्हणून घरातील मुलांना सब्र शिकवताना त्याचा पूर्ण अर्थ शिकवावा. शेजारच्या निरक्षर बाईचा अर्ज लिहून द्यावा, तिच्यासोबत कचेरीत जावे, मोर्चा निघाला तर सर्व समाजांच्या बांधवांबरोबर शिस्तीने चालावे, आणि नमाजची वेळ झाली की वाट सोडून एका बाजूला नमाज अदा करावी. पाऊस मागायचा तो अल्लाहकडे. पंचनामा मागायचा तो ज्याच्या हाती लेखणी आहे त्याच्याकडे.

अल्लाह आपणा सर्वांना संकटात सब्र, बोलताना सत्य आणि सत्ता हाती आली तर न्याय करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.