एका बिंदूकडे पाहताना

चष्मा काढा. घडी घालून बाजूला ठेवा. दिवेलागण होऊन तासभर गेला असेल, तर ही वेळ उत्तम. घरातला दिवा मालवून खिडकीशी बसा आणि लांबवरचा एकच दिवा निवडा. डोळे बारीक करू नका, ताणू नका. पापण्या सैल राहू द्या. नुसतं पाहा.

तुमच्या डोळ्यांत सिलिंड्रिकल नंबर, म्हणजेच दृष्टिवैषम्य, असेल, तर तो दिवा ठिपक्यासारखा दिसणार नाही. कुठल्यातरी एका दिशेला तो ओघळलेला असेल, ओल्या शाईवरून बोट फिरावं तसा. माझ्या उजव्या डोळ्याला तो तिरपा दिसतो. आता मान सावकाश एका खांद्याकडे झुकवा. दिव्याची रेघही झुकली? मान सरळ करा. रेघ पुन्हा जागेवर आली. दिवा मात्र तिथेच होता. तिरकेपणा आपल्या डोळ्यातला आहे, हे इतकं स्वच्छ दाखवणारा दुसरा पुरावा मला ठाऊक नाही. या जाणिवेपाशी थोडं थांबा. पुढे जायची घाई नाही.

स्वयंपाकघरातला एक चमचा आठवा. त्याच्या पाठीवरून बोट लांबीच्या दिशेने फिरवा. उतार मंद लागतो. आडवं फिरवा, तोच उतार लगेच संपतो. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, तो चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल असावा, अशी अपेक्षा. तो जरासा चमच्याच्या पाठीसारखा असला, की एका दिशेने आलेले किरण आधी एकवटतात, दुसऱ्या दिशेचे नंतर. सगळे एका बिंदूत कधी भेटतच नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत दृष्टिवैषम्य म्हणजे एवढंच. त्यात काही कुजलेलं, बिघडलेलं नाही. तो एक आकार आहे.

हे दृष्टिवैषम्य माणसाने आधी स्वतःच्याच डोळ्यात शोधलं. थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये आपल्या डोळ्यातली ही विषमता लिहून ठेवली. केंब्रिजच्या जॉर्ज एअरी या तरुण गणितज्ञाला डावा डोळा वाचायला उपयोगी पडेना. त्याने कार्डाला सुईने भोक पाडलं, ते उजेडासमोर धरलं आणि अंतर बदलत पाहत राहिला. एका अंतरावर बिंदूची रेघ झाली. आणखी एका अंतरावर पहिलीशी काटकोन करणारी दुसरी रेघ. त्यावरून त्याने भिंगाचा हिशेब मांडला आणि १८२५ मध्ये, पंचविशी गाठण्याआधीच, आपल्या दृष्टिवैषम्यावरचा उपाय विद्वानांपुढे ठेवला. पुढे हा माणूस इंग्लंडचा राजखगोलशास्त्रज्ञ झाला. मला त्याच्या दुर्बिणींपेक्षा ते भोक पाडलेलं कार्ड अधिक मोलाचं वाटतं. आपल्याला काय दिसत नाही, याकडे तो इतका वेळ शांतपणे बघत बसला.

तुमच्या चष्म्याच्या चिठ्ठीवर अ‍ॅक्सिसचा आकडा असतो, १ ते १८० मधला. ती या तिरकेपणाची दिशा सांगणारी खूण. पुढच्या वेळी तो आकडा ओळखीच्या माणसासारखा पाहा.

आता श्वास संथ करा आणि कॉर्नियाचा हा आकार बदलणाऱ्या लेसरकडे या.

मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्कजवळच्या यॉर्कटाउन हाइट्स इथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत. १९८१ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, घरच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस घेऊन ते प्रयोगशाळेत गेले. एक्सायमर लेसरचा १९३ नॅनोमीटरचा अदृश्य किरण त्यावर सोडला. खाच पडली, आणि कडा जळल्या नाहीत. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सहकारी. १९८३ मध्ये नेत्रशल्यविशारद स्टीफन ट्रोकेल यांच्याबरोबर हाच किरण कॉर्नियावर वापरून पाहिला गेला. एका स्पंदात मायक्रॉनचा साधारण पाव भाग निघतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतक्या हलक्या हाताने कुठला कारागीर काही कोरत असेल, असं मला वाटत नाही.

मनातल्या मनात शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवे व्हा. डोळ्यात बधिर करणारे थेंब पडले आहेत. पापण्या चिमट्याने उघड्या धरल्या आहेत. लॅसिक ही पद्धत असेल, तर डोळ्यावर दाब येतो, काही क्षण अंधारतं, आणि कॉर्नियाचा वरचा पातळ पापुद्रा वहीचं पान उलटावं तसा बाजूला होतो. समोर लुकलुकणारा एक ठिपका. त्याच्याकडे पाहत राहायचं, एवढंच तुमचं काम. टकटक आवाज येतो, केस जळल्यासारखा वासही येतो. काही सेकंदांत कोरणं संपतं आणि पापुद्रा जागेवर बसतो.

एक गोष्ट इथे फार थोडे लोक सांगतात. बसलेला माणूस आडवा झाला, की त्याचा डोळा खोबणीत किंचित फिरतो. साध्या नंबरला त्याने फरक पडत नाही. सिलिंड्रिकलला पडतो, कारण इथे दिशाच सर्वस्व. कोरताना १० अंश चुकले, तर सुधारणेचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाया जातो. ३० अंश चुकले, तर मुळीच फायदा नाही. म्हणून रुग्णाला बसवूनच डोळ्यावर खूण करतात, किंवा यंत्र बुबुळाची नक्षी ओळखून दिशा जुळवून घेतं.

आता सर्वांत जास्त वेळ या वाक्यापाशी बसा: लेसर फक्त काढतो, घालत नाही.

कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. एका नंबरमागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात. लॅसिकचा पापुद्रा पुन्हा शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा. खाली किमान २५० मायक्रॉनचा थर अखंड राहायला हवा, आणि अनेक डॉक्टर ३०० तरी मागतात. ही वजाबाकी ज्याच्या डोळ्यात बसत नाही, त्याने लॅसिक करू नये. ज्याचा कॉर्निया शंकूसारखा पुढे येऊ लागला आहे, म्हणजे केरॅटोकोनस आहे, त्याने तर मुळीच नाही. असा डोळा लेसरने आणखी दुबळा होतो. आणि सगळं नीट झालं, तरी अनेकांना काही महिने डोळे कोरडे वाटतात, रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात, आणि चाळिशी लागायची ती लागतेच.

माझी वजाबाकी बसली नाही. डॉक्टरांनी मोजलं, नकाशा समोर ठेवला आणि नको म्हणाले. त्या नकाराला मी आजही चांगला उपचार मानतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीची बसली. लग्नाआधी नव्हे, तर नंबर वर्षभर स्थिर राहिल्यावर तिने लेसर केलं, आणि पहाटे उठून चष्मा न चाचपडता घड्याळ पाहिल्याचं ती मला अजून सांगते. दोन्ही निर्णय डोळा मोजून झाले.

तुम्हीही मोजून घ्या. वय १८ च्या पुढे आणि नंबर वर्षभर स्थिर असेल, तर तपासणीला जा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद ठेवा. कॉर्नियाचा नकाशा आणि जाडीचा आकडा मागून घ्या, आणि तळाशी किती मायक्रॉन उरतील हे विचारा.

आता खिडकीतला तो दिवा एकदा पाहा आणि चष्मा घाला. डोळे मात्र चोळू नका, आज नाही आणि उद्याही नाही.