मोठे अक्षर, लहान अक्षर

मूल इंग्रजी शिकू लागले की त्याला पहिले कोडे पडते ते एकाच अक्षराच्या दोन रूपांचे. 'हाही ए आणि तोही ए, मग दोन कशाला, गुरुजी?' असे आमच्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आले ते २००० साली. आमच्या वेळी ते पाचवीत भेटे आणि तोवर आमचे असले प्रश्न विचारायचे वय निघून गेलेले असे. आम्ही मुकाट्याने मोठी एबीसीडी घोकली आणि मुकाट्यानेच लहान घोकली.

मुलांना मी ठरलेले उत्तर देतो. वाक्याचे पहिले अक्षर मोठे, गावाचे नाव मोठ्या अक्षराने, माणसाचे नाव मोठ्या अक्षराने. एकदा एका चिमुरड्याने विचारले, 'म्हणजे मोठ्या माणसाचं नाव मोठं?'

'नाही रे, सगळ्यांचंच.'

'मग बरं आहे,' असे म्हणून तो जागेवर जाऊन बसला. त्याच्या त्या 'बरं आहे'ने मलाही बरे वाटले होते. पण मी त्याला अर्धेच उत्तर दिले होते, हे मला गेल्या दिवाळीत कळले. उरलेले अर्धे उत्तर शोधण्यासाठी हा लेख.

माझी थोरली बहीण सांगलीला असते. मी सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या वरच्या अंगाला. ती खालच्या अंगाला. आमच्याकडून गेलेले पाणीच तू पितेस, असे मी तिला थट्टेने म्हणतो. भाऊबीजेला गेलो तेव्हा घरात फराळाबरोबर लग्नाची गडबड होती. तुळशीचे लग्न झाले की माझ्या भाचीचे लग्न होते. 'कादंबऱ्या लिहितोस ना? मग आता पत्रिका लिही,' असे म्हणून अक्काने कागद माझ्यापुढे सरकवला. मराठी बाजू मी लिहायची आणि इंग्रजी बाजू भाच्याने, अशी वाटणी झाली. भाचा पुण्याला संगणकाच्या कचेरीत आहे. चकलीचा तुकडा तोंडात आणि बोटे त्या यंत्रावर, असे त्याचे काम चालले होते.

थोड्या वेळाने तो म्हणाला, 'मामा, गंमत बघा.' त्याने सगळा मजकूर घाईघाईने लहान अक्षरांत लिहून काढला होता. वराचे नाव, वधूचे नाव, सांगली, सातारा, सारे लहान. मग त्याने दोनतीन कळा दाबल्या आणि एका क्षणात सगळी अक्षरे मोठी झाली. पुन्हा दाबल्या, पुन्हा लहान. मी थक्क झालो. मॅट्रिकच्या पुढे न शिकलेल्या माझ्यासारख्या मास्तराला असले काही दिसले की, आत काय चालते हे बघितल्यावाचून चैन पडत नाही.

तो ज्यात लिहीत होता त्या प्रोग्रॅमचे नाव व्हिम. नेदरलँड्समधील ब्राम मूलेनार या गृहस्थांनी तो १९९१ साली लोकांच्या हाती दिला आणि २०२३ साली आपल्या मृत्यूपर्यंत त्याची देखभाल केली. त्याला किंमत नाही. वापरणाऱ्याने जमल्यास युगांडातल्या गरजू मुलांना मदत करावी, एवढीच त्यांची विनंती. प्रोग्रॅमच्या अंतरंगातल्या मूळ सूचनाही कोणालाही उघडून वाचता येतात. भाच्याने त्या उघडल्या आणि अक्षरे लहानमोठी करणारा भाग मला समजावून सांगितला.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. मोठ्या 'ए'चा आकडा ६५ आणि लहान 'ए'चा ९७. मोठा 'बी' ६६, लहान ९८. सव्वीसही अक्षरांत अंतर तेच, बत्तीस. म्हणजे लहानाला मोठे करायचे तर बत्तीस वजा करा आणि मोठ्याला लहान करायचे तर बत्तीस मिळवा. घरातला एक दिवा लावावा की विझवावा, एवढाच काय तो फरक. अक्षर तेच, उच्चार तोच.

मात्र सगळे इतके सरळ नाही. जर्मन भाषेतल्या एका अक्षराला कित्येक वर्षे मोठे रूपच नव्हते. मोठ्या अक्षरांत लिहायची वेळ आली की त्याच्या जागी दोन 'एस' लिहीत. या प्रोग्रॅममध्येही त्या एकट्या अक्षरासाठी वेगळी सूचना लिहून ठेवलेली आहे. पुढे २०१७ साली जर्मन शुद्धलेखनाच्या परिषदेने त्याच्या मोठ्या रूपाला मान्यता दिली. पण जुन्या रीतीत अडचण अशी की, ज्याचे दोन 'एस' झाले ते पुन्हा लहान केले तर दोन लहान 'एस'च राहतात. मूळचे अक्षर काही परत येत नाही. कोणालाही एकदम मोठे करताना त्याचे स्वतःचे असे काही पुसले जाऊ शकते, ही गोष्ट मी मनात टिपून ठेवली.

'आणि आपलं मराठी?' मी विचारले.

त्याने 'सांगली' असे देवनागरीत लिहिले आणि तीच कळ दाबली. काही झाले नाही. पुन्हा दाबली, तरी अक्षर हलले नाही. सूचनांचा क्रम असा आहे : अक्षर लहान असेल तर मोठे कर, मोठे असेल तर लहान कर, आणि यांपैकी काहीच नसेल तर त्याला हात लावू नकोस. आपली अक्षरे त्या शेवटच्या घरात बसतात. ती लहानही नाहीत आणि मोठीही नाहीत.

खरे सांगतो, माझी छाती फुगली. मी लगेच व्याख्यान सुरू केले. बघा, आपली बाळबोध काय किंवा कारकुनांची जुनी मोडी काय, दोन्हीत हा भेद नाही. राजाचा 'र' आणि रामोश्याचा 'र' एकाच मापाचा. इंग्रजीत देवासाठी योजलेल्या सर्वनामालाही कित्येक जण मोठे अक्षर देतात. आपण देवाला सरळ 'तू' म्हणतो आणि आपल्या देवाला त्याचा राग येत नाही. समता आमच्या लिपीतच आहे!

अक्का भाजणी चाळत होती. माझा मराठी मसुदा तिच्या शेजारी पडला होता. तिने चाळण खाली ठेवली, कागद उचलला आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारले, 'मग हे काय आहे?'

त्या ओळीत माझ्याच हाताने लिहिले होते, 'गं. भा.' आणि त्यापुढे तिचे नाव.

मेहुणे जाऊन सहा वर्षे झाली. पत्रिका लिहिताना माझ्या हाताने काही विचार केला नव्हता. वधूच्या नावामागे चि. सौ. कां., मामीच्या नावामागे सौ., मेहुण्यांच्या नावामागे कै., आणि अक्काच्या नावामागे गं. भा. कळ दाबावी आणि अक्षर बदलावे, तशी ही अक्षरे माझ्या लेखणीतून आपोआप उतरली होती.

वाचकहो, आपल्या लिपीत मोठे अक्षर नाही, हे खरे. पण आपण ते नावाच्या पुढ्यात आणून बसवले आहे. मुलगा जन्मला की चि., कर्ता झाला की रा. रा. किंवा श्री., मुलांच्या पत्रात तीर्थरूप, आणि गेला की कै. त्याची बढतीच होत जाते. बाईचे तसे नाही. कु.ची सौ. होते ती लग्नाने, आणि सौ.ची गं. भा. होते ती दुसऱ्याच्या मरणाने. माणूस तेच, नाव तेच. कोणीतरी एक कळ दाबतो आणि ती लहान होते. गंगा आणि भागीरथी या नद्या पवित्र खऱ्या. पण ते पावित्र्य घेतेस का, असे तिला कोणी विचारलेले नसते.

'मग श्रीमती लिहितो,' मी ओशाळून म्हणालो.

'लिही की,' अक्का म्हणाली. 'पण वाचणाऱ्याला कळायचं ते कळतंच. सौ. नाही, श्रीमती आहे, म्हणजे काय ते.'

ती खरे बोलत होती. अक्षर बदलले तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यातला आकडा बदलत नाही. सांगली हे हळदीचे गाव. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या बाजारातून हळद कुठे कुठे जाते. आणि त्याच गावात, ज्या घरातले माणूस गेले त्या घरातल्या बाईच्या कपाळापर्यंत मात्र ती पोचत नाही. सांगलीहून फार लांब नाही असे शिरोळ तालुक्यातले हेरवाड. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या चाली बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. एका खेडेगावाला सुचले ते कादंबरीकाराच्या लेखणीला सुचले नाही!

मला आमच्या साताऱ्याची एक नोंद आठवली. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरातल्या त्या नावाची अक्षरे इतर मुलांच्या नावांहून तसूभरही लहान नव्हती. पण वर्गात मात्र त्या मुलाला वेगळे बसावे लागले. कागदाने भेद केला नव्हता, तो माणसांनी केला. लिपीचा मोठेपणा सांगून माणसांना आपली सुटका करून घेता येत नाही, हे साताऱ्यात मास्तरकी करणाऱ्या मला तरी ठाऊक असायला हवे होते.

मग करावे काय? सगळ्यांची बिरुदे काढून टाकावी, की सगळ्यांना सारखीच द्यावी? भाचा म्हणाला, 'मामा, सगळंच उडवून टाकू. नुसती नावं छापू.' यंत्राजवळ बसणाऱ्या माणसाला असेच सुचायचे. एक कळ दाबली की सगळे सारखे! पण मला ते जर्मन अक्षर आठवले. सरसकट केलेल्या समतेतही कोणाचे तरी काहीतरी पुसले जाते. अमेरिकेत बेल हुक्स नावाच्या लेखिका होऊन गेल्या (१९५२–२०२१). सगळ्यांची नावे मोठ्या अक्षराने सुरू होतात त्या देशात त्या आपले नाव लहान अक्षरांत लिहीत. माझ्या नावापेक्षा माझे म्हणणे वाचा, असा त्यांचा आग्रह. ते लहानपण त्यांनी स्वतः निवडले होते, म्हणून ते कोणाला अपमानाचे वाटले नाही. तेच लहानपण दुसऱ्या कोणी त्यांच्यावर लादले असते तर?

मला वाटते, प्रश्नाची मेख इथे आहे. लहान रूप वाईट नाही आणि मोठे रूपही वाईट नाही. आईला आपण 'तू' म्हणतो, विठोबाला 'तू' म्हणतो. आणि बांधावर राबणाऱ्या गड्यालाही 'तू'च म्हणतो. लिहायला तिन्ही 'तू' सारखेच. पहिले दोन त्यांनी आपल्याला दिलेले असतात, तिसरा आपण घेतलेला असतो. नाव ज्याचे, त्याचे माप ठरवण्याचा हक्कही त्याचाच.

म्हणून मी उशिरा का होईना, अक्काला विचारले, 'तुझं नाव कसं लिहू?'

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'नुसतं लिही. माझं नाव आहे ते चांगलं आहे. त्याला पुढे काही नको.' आणि भाच्याकडे वळून म्हणाली, 'पण सगळ्यांचं काढू नकोस रे. तुझ्या मामीला तिचं सौ. आवडतं. तिला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.'

पत्रिका तशी छापली. छापून आल्यावर पहिली पत्रिका सांगलीच्या गणपतीपुढे ठेवायची होती. तिच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू कोणी लावायचे, असा प्रश्न घरात कोणी काढण्याआधीच अक्काने करंडा पुढे ओढला आणि आपल्या बोटाने चारी कोपरे रंगवले. कोणी काही बोलले नाही. नंतर ते बोट तिने पदराला पुसले नाही, एवढे मात्र मी पाहिले.

माझी गोष्ट इथे संपली असती तर मी सुखी झालो असतो. पण दिवाळी झाली, कारखान्यांची धुराडी पेटली आणि ऊसतोडणीच्या टोळ्या आल्या. त्यांची मुले आमच्या शाळेत येतात. माझ्याच वयाचा एक बाप मुलाला घेऊन दारात उभा राहिला आणि माझ्या तोंडून गेले, 'काय रे, दाखला आणलास का?' मागोमाग एका साहेबांची मोटार आली, तेव्हा तीच जीभ म्हणाली, 'या, बसा ना.' त्या बापाने मला 'तू' दिला नव्हता. मी तो घेतला होता. आणि त्याचा मुलगा दोन्ही वाक्ये ऐकत उभा होता. त्याला उद्या मी फळ्यावर सांगणार होतो की, बाळ, माणसाचे नाव सगळ्यांचेच मोठ्या अक्षराने लिहायचे असते.

संगणकाला एक कळ पुरते. जिभेला तशी कळ नाही. तिला दरवेळी नव्याने शिकवावे लागते. यंदाही दिवाळी संपली की टोळ्या येतील. तो बाप आला, तर मला त्याला 'या' म्हणायचे आहे.