सभासदांचा पाव वाटा

हस्तिनापूर मेरठ जिल्ह्यात आहे, म्हणजे सरकारी नकाशाप्रमाणे आमच्या दिल्ली एनसीआरमध्येच. महाभारतातली द्यूतसभा तिथलीच. द्रौपदीने त्या सभेपुढे कायद्याचा नेमका मुद्दा ठेवला होता: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल, तर मला पणाला लावायचा हक्क त्याला उरला होता का? भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला निर्णय देता येत नाही. द्रोण, कृप गप्प. कौरवांपैकी एकटा विकर्ण उठला आणि ती जिंकली गेलेली नाही असे म्हणाला. विदुराने मग प्रल्हादाची जुनी कथा सांगितली. तिच्यात पापाची चक्क वाटणी आहे. निंद्य कृत्याला सभा निंद्य म्हणत नसेल, तर अर्धे पाप सभेच्या प्रमुखाचे, पाव करणाऱ्याचे आणि पाव गप्प बसलेल्या सभासदांचे.

हा पाव वाटा माझ्या डोक्यातून जात नाही. मी दिल्लीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. यंदा लीगल लिटरसी क्लबने नववी-दहावीच्या स्पर्धेला ‘ज्यूरी आणि न्याय’ हा विषय दिला. बहुतेक मुलांनी तराजू काढला, काहींनी ‘रुस्तम’ सिनेमातला नौदलाचा पांढरा गणवेश. एका मुलीने मात्र द्यूतसभा काढली. चौकटींची फरशी, गडद तांबड्या पोस्टर कलरचा पडदा, ओळीने बसलेले मुकुटधारी. द्रौपदी मधोमध उभी आहे, पण एकाचीही नजर तिच्याकडे नाही. सगळे फाशांकडे बघताहेत. ती बुबुळे मुलीने शून्य नंबरच्या ब्रशने एकेक करून भरली होती. माझ्याबरोबरच्या परीक्षकांनी चित्र ‘विषयाला सोडून’ म्हणून बाजूला ठेवले. मी ते परत टेबलावर आणले, कारण विषय तिलाच कळला होता.

ज्यूरीचे नाव निघाले की आपण लगेच विचारतो, सामान्य माणसांना न्याय करता येतो का? उत्तर काही फार अभिमानाचे नाही. ‘रुस्तम’ ज्यावर बेतला त्या नौदल अधिकारी नानावटी यांच्या खून खटल्यात 1959 मध्ये मुंबईच्या ज्यूरीने 8 विरुद्ध 1 असा निर्दोष कौल दिला, आणि न्यायाधीशांनी तो अमान्य करून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. त्याहून अस्वस्थ करते ते दुसरेच. गांधीजींच्या खुनाचा खटला इथेच लाल किल्ल्यात न्या. आत्माचरण यांच्यापुढे चालला, ज्यूरीशिवाय. आरोपींत बहुतेक मराठी, हे आम्हा दिल्लीकर मराठी माणसांना विसरता येत नाही. 1949 मध्ये सिमल्याला अपील निघाले तेव्हा गोडसेचे भाषण ऐकून कोर्टात बायका रडत होत्या, पुरुष रुमाल शोधत होते. खंडपीठातले न्या. गोपाळदास खोसला यांनी पुढे लिहून ठेवले, की त्या दिवशीच्या श्रोत्यांनाच ज्यूरी केले असते तर प्रचंड बहुमताने निर्दोष असा कौल आला असता. ज्याच्या छातीत गोळ्या घातल्या, तो त्या दालनात बोलायला नव्हता.

म्हणून ज्यूरी गेली याचे मला दुःख नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती मोडीत निघाली, ते ठीकच झाले. पण एक गोष्ट मला पटत नाही. ज्यूरीची खुर्ची गेली तसा आपला पाव वाटाही गेला, असे आपण धरून चाललो आहोत. खटला आपण टीव्हीवर बघतो, जेवता जेवता कौल देतो, आणि चुकलेल्या कौलाचे पाप कुणाच्याच खात्यावर पडत नाही.

आपल्याकडच्या जुन्या गोतसभेत, म्हणजे गावकरी आणि वतनदारांच्या न्यायसभेत, अशी पळवाट नव्हती. वतनाचा तंटा मिटला की महजराच्या, म्हणजे निवाड्याच्या, कागदावर हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. ज्या हत्याराने पोट भरायचे तेच काढून माणूस म्हणे, या निवाड्याला मी होतो. जातीची उतरंडही त्याच सभेत बसलेली असे, हे विसरून चालणार नाही. लाल किल्ल्यातला खटला चालू असतानाच, 4 नोव्हेंबर 1948 ला, याच दिल्लीत बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याच्या गोडव्यांवर कोरडे ओढले, आणि ते मला मान्य आहे. तरी कागदावर स्वतःचा नांगर काढण्यातली जबाबदारी खरी होती, आणि ती मला हवी आहे. मुलांनी चित्राखाली नाव लिहावे असा माझा आग्रह असतो, तो त्यासाठीच.

1908 मध्ये मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. नऊ जणांची ज्यूरी होती, सात युरोपीय आणि दोन पारशी. सातांनी दोषी म्हटले, दोघांनी नाही. न्या. दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली, टिळक मंडालेला गेले. त्या दोघांमुळे निकाल बदलला नाही, जसा विकर्णामुळे बदलला नव्हता. पण विदुराच्या हिशेबात त्यांच्याकडे काही बाकी निघत नाही.

टिळकांची चित्रे मुले दरवर्षी काढतात, पगडी आणि उपरणे त्यांना पाठ आहे. पुढच्या स्पर्धेला मी ‘नऊ जणांतले दोघे’ हा विषय सुचवला आहे. क्लबच्या शिक्षकांना तो अवघड वाटतो, संदर्भाला चित्र मिळणार नाही म्हणतात. मुलांनी त्या दोघांना टिळकांकडे बघताना काढले तरी मला पुरे.