रकान्यातलं ‘नाही’

तळेगावजवळच्या इंदुरीत पावसाळा सरता सरता तापाचे दिवस येतात. इंद्रायणी भरून वाहत असते, आणि घरोघरच्या पिंपांत एडिस डासाच्या अळ्या वळवळत असतात. या डासाला साठवलेलं स्वच्छ पाणी विशेष मानवतं. २०२४ मध्ये पुणे परिसरात चिकुनगुन्याने कितीतरी जणांना अंथरुणाला खिळवलं. ताप आठवड्याच्या आत उतरला, सांधे मात्र पुढे महिनोन्महिने धरलेले राहिले.

अशाच एखाद्या वर्षी दिवाळीनंतर आई-वडील मुलाकडे जर्मनीला निघतात. चाकण-तळेगावच्या कारखान्यांपायी मुलांच्या तिकडे जाण्याचं आता नवल उरलेलं नाही. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचं विमासंरक्षण लागतं, म्हणून एजंट मोबाईलवर फॉर्म भरायला बसतो. अलीकडच्या आजारपणाचा रकाना येतो.

“हिला ताप आलेला, पण गेला आता.”

“मग ‘नाही’ टाकतो, काका.”

तेवढ्यात आई चहा आणते. कप दोन्ही हातांनी धरलेला, कारण एका हातात तो पेलवत नाही.

गंमत म्हणजे याच तापाची कहाणी गावच्या गढीतल्या कडजाई देवीच्या देवळात भेटेल त्याला पेशी किती उतरल्या इथपासून सांगून झालेली असते. लपवायचं कुणालाच नसतं. फॉर्म दिसला की मात्र आपल्याला ती सरकारी चौकशी वाटते, आणि चौकशीत जेवढ्यास तेवढंच बोलायचं हे अंगवळणी पडलेलं.

खरं लिहिलं तर कंपनी हप्ता वाढवेल, डॉक्टरांचं पत्र मागेल किंवा चिकुनगुन्याचा खर्च वगळेल. एखादी नकारही देईल. मग दुसरीकडे विचारायचं. पण तो एक आजार वगळूनही तिकडे बर्फावर पाय घसरून मनगट मोडलं, तर तो खर्च मागता येतो. खोट्या ‘नाही’मुळे मनगटाचा दावाही वादात सापडू शकतो. रक्ततपासणीच्या कागदावर तारीख असतेच.

विमा तिकिटासोबतच काढावा. ताप भरल्यावर प्रवास रद्द झाल्याचे पैसे मागायला पॉलिसी शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. विमा काढल्यावर आजारपण आलं तर कंपनीला ई-मेल करावा आणि आलेलं उत्तर जपून ठेवावं. डॉक्टर थांबा म्हणाले तर सरळ तारीख पुढे ढकलावी. आणि हो, व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवावी. ऐनवेळी विमानतळावर ती मागायला आपल्या माणसांना उगीच लाज वाटते.